पगाराचे आकडे आणि इतिहासाचा दाखला

बारावीचे वर्ष सुरू झाले की आपल्या मंडळातल्या घराघरांत एक तक्ता दिसू लागतो. कोणत्या विद्यापीठातून कोणती पदवी घेतली की किती पगार मिळतो, याचा तक्ता. पूर्वी ही माहिती ओळखीच्या एखाद्या काकांना विचारून मिळे. आता अमेरिकेचे सरकार ‘कॉलेज स्कोअरकार्ड’मध्ये २०१५ पासून कमाईचे आकडे प्रसिद्ध करते. ब्रिटनचे शिक्षण खाते शाळा-कॉलेजच्या आणि आयकराच्या नोंदी जोडून पदवीधरांच्या कमाईचे आकडे काढते. भारतात ‘एनआयआरएफ’ क्रमवारीसाठी महाविद्यालये आपल्या विद्यार्थ्यांचा मध्यक पगार, म्हणजे सर्वांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभे केले तर मधोमध येणाऱ्याचा पगार, कळवतात.

या तक्त्यांवरून मुलांनी विषय आणि विद्यापीठ निवडावे काय? मी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यामुळे मला या आकड्यांत प्रथम दिसते ते हे, की ते भविष्याचे नाहीत. दहा वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्या कोणाचे तरी पुढे काय झाले, याची ती नोंद आहे. म्हणजे ते इतिहासाचे साधन आहे, आणि साधन जसे तपासून वापरायचे असते तसेच हेही वापरले पाहिजे.

पहिला दाखला आपण राहतो त्या बेटाचाच घेऊ. मुहर्रकमधला ‘पर्लिंग पाथ’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. २०१२ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथल्या जुन्या वाड्यांमागे मोत्यांचा पैसा आहे. हे मोती मुंबईच्या बाजारात जात, तिथे त्यांची प्रतवारी होई, त्यांना भोके पाडली जात आणि मग ते जगभर विकले जात. १९१२ हे वर्ष तर आखातात मोत्यांच्या भरभराटीचे वर्ष म्हणून ओळखले गेले. त्या वर्षी मुहर्रकमध्ये कोणी कमाईचा तक्ता केला असता, तर मोत्यांचा धंदा सर्वांत वर आला असता आणि कोणत्याही शहाण्या बापाने मुलाला त्याच वाटेने पाठवले असते.

पुढच्या वीस वर्षांत जपानमधून मिकिमोटोचे संवर्धित मोती बाजारात आले, १९२९ ची जागतिक मंदी आली आणि धंदा कोसळला. १९३२ मध्ये बहरीनला तेल लागले, १९३६ मध्ये रिफायनरी सुरू झाली आणि पाणबुड्यांची मुले तेल कंपनीत कामाला लागली. १९१२ चा तक्ता खोटा नव्हता. तो फक्त १९१२ चा होता.

याच धंद्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. हंगामाआधी पाणबुड्याला नाखुद्याकडून उचल मिळे. (आपल्या कोळीवाड्यातला ‘नाखवा’ आणि इथला ‘नाखुदा’ मूळ एकाच फारसी शब्दाचे.) हंगाम चांगला गेला तर उचल फिटे, नाही तर ती पुढच्या वर्षाच्या हिशेबात चढे. १९२० च्या दशकात सुधारणा होईपर्यंत बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर येत असे. मोत्याचा भाव दरवर्षी बदले, पण कर्जाचा आकडा वहीत पक्का राही. मुलाच्या शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठाची फी भरायला निघालेल्या घराने ही वही नजरेसमोर ठेवावी, असे मला वाटते.

आता महाराष्ट्राकडे वळू. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण म्हणजे आपल्या पूर्वजांचा तक्ताच होता. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि हा क्रम उलटला. पदवी म्हणजे सरकारी नोकरी, नोकरी म्हणजे ठरलेला पगार आणि पेन्शन, हे समीकरण मध्यमवर्गात रुजले. या विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. १८६२ साली बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. विद्यापीठ एक, वर्ष एक, पदवी एक. रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, भांडारकर प्राच्यविद्येचे जगन्मान्य पंडित, वागळे वकिलीत गेले आणि मोडक शिक्षणखात्यात. या चौघांच्या पगाराची सरासरी काढली असती, तर ती चौघांपैकी कोणाच्याही आयुष्याबद्दल फारसे सांगू शकली नसती.

सरकारी नोकरीचा तक्ता इतका स्पष्ट असताना १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढतात आणि आगरकर एम. ए. होऊन त्यांना मिळतात. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असे आगरकरांनी आईला पत्रातून कळवल्याचे आपण शाळेत वाचले आहे. पुढे १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. तिथे आजीव सदस्य महिना सुमारे पाऊणशे रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याचे वचन देत. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपेही तिथेच परत आले.

ही गोष्ट नेहमी त्यागाची म्हणून सांगितली जाते. माझा मुद्दा वेगळा आहे. ‘स्वतः कॉलेज काढणारा पदवीधर’ अशी ओळ १८८० च्या कोणत्याही तक्त्यात असूच शकत नव्हती, कारण ते काम त्याआधी फारसे कोणी केलेच नव्हते. स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा ‘शिकलेल्या मुलीला पगार किती?’ या प्रश्नाला बहुतेक घरांकडे उत्तर नव्हते. ज्या वाटेने अजून कोणी गेलेले नाही, त्या वाटेबद्दल तक्ता गप्प असतो. आपण मात्र त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘तिकडे जाऊ नका’ असा घेतो.

१९१९ या वर्षाचा एक योगायोग मला फार आवडतो. त्या वर्षी कराडजवळ काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी मुहर्रकमध्ये अल-हिदाया ही बहरीनची पहिली आधुनिक सार्वजनिक शाळा निघाली. मुलींसाठी शाळा १९२८ मध्ये आली. तेल लागण्याच्या तेरा वर्षे आधी इथल्या लोकांनी मुलांना होडीऐवजी वर्गात पाठवायला सुरुवात केली. तेल कंपनीत लिहिता-वाचता येणाऱ्यांची गरज लागणार, हे त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. तिकडे भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने दुसरा प्रश्न सोडवला: शिक्षण कर्जाशिवाय कसे घ्यावे. पुढे किती मिळेल हे आपल्या हाती नाही, आज किती खर्च होतो हे काही अंशी आहे, हा त्यातला व्यवहार आहे.

आपल्या आठवणीतला दाखला घ्यायचा तर १९८३ चा. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यातून हजारो मुलांना, विशेषतः लहान गावांतल्या मुलांना, दार उघडले. आज आखातात असलेल्या आपल्यापैकी कित्येकजण त्याच दारातून आले आहेत. पण ‘इंजिनीअरला नोकरी मिळते’ हे सर्वांनीच वाचले, कॉलेजे वाढत गेली आणि २०१० नंतरच्या दशकात हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या, काही कॉलेजे बंदही पडली. पावसाच्या अंदाजाने पाऊस बदलत नाही. पगाराच्या अंदाजाने मात्र पगार बदलतो. सगळ्यांनी एकच तक्ता वाचला की त्या ओळीत गर्दी होते, आणि गर्दीत भाव उतरतो.

आता आजच्या तक्त्यांकडे साधन म्हणून पाहू. इतिहासाचा विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो: यात कोणाची नोंद आहे? अमेरिकेच्या स्कोअरकार्डमधली कमाई सरकारी आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांची असते. बहरीनहून भारतीय पासपोर्टवर गेलेल्या मुलाला ती मदत मिळत नाही, म्हणजे त्याच्यासारखी मुले त्या आकड्यात जवळजवळ नाहीतच. ब्रिटनचे मुख्य आकडे तिथल्याच रहिवासी विद्यार्थ्यांचे असतात, आणि पदवीनंतर देश सोडणाऱ्याची कमाई त्यात येत नाही. एनआयआरएफचा पगार महाविद्यालय स्वतः कळवते, आणि तो नोकरी लागलेल्यांचा असतो. ज्याला नोकरी लागली नाही, तो त्या रांगेत उभाच नाही. जो तक्ता पाहून आपण चाळीस-पन्नास लाखांचा निर्णय घेतो, त्यात आपल्या मुलांसारखे कोणी मोजलेलेच नसते, ही गोष्ट निदान माहीत तरी असावी.

म्हणून तक्ता फेकून द्यावा का? मुळीच नाही. आखातातल्या आई-बापांची काळजी मी समजू शकतो. इथे बहुतेकांचे राहणे नोकरीला बांधलेले असते, ती संपली की परतीचे तिकीट. मुलांच्या फीसाठी मोडली जाणारी ठेव ही अनेकदा म्हातारपणाची ठेव असते. अशा घराला ‘पगाराचा विचार करू नका, आवडेल ते शिका’ असे सांगणे सोपे आहे, पण ते बेजबाबदारपणाचे आहे. ब्रिटनमधील इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजने २०२० मध्ये काढलेला निष्कर्ष असा होता की पाचपैकी सुमारे चार पदवीधरांना पदवीचा आयुष्यभरात आर्थिक फायदा होतो आणि सुमारे एकाला होत नाही. वैद्यक, कायदा, अर्थशास्त्र वरच्या टोकाला होते, तर सर्जनशील कला खालच्या. चित्रकला किंवा संगीत शिकू पाहणाऱ्या मुलीपासून हे लपवू नये.

माझे म्हणणे इतकेच की या आकड्याचे योग्य काम कोणते ते ओळखावे. तो फी ठरवायला वापरावा, विषय ठरवायला नव्हे. कोणत्या विषयात मुलाचे मन आणि बुद्धी दहा वर्षे टिकेल, हे तक्त्याला कळत नाही. ते त्याच्या शिक्षकांना, त्याला आणि थोडेफार घरच्यांना कळते. पण त्या विषयासाठी किती कर्ज काढणे शहाणपणाचे, हे सांगायला तक्ता फार उपयोगी आहे. मुलीला इतिहास शिकायचा असेल तर जरूर शिकू द्या. मात्र तो कर्ज काढून महागड्या परदेशी विद्यापीठात शिकायचा की पुण्या-मुंबईच्या चांगल्या कॉलेजात, आणि परदेश पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्तीवर ठेवायचा का, हे आकडे पाहून ठरवा. इंजिनीअरिंगलाही हाच नियम. तिथला मोठा आकडा पाहून मोठे कर्ज काढणारा १९१२ च्या पाणबुड्याचीच उचल घेत असतो.

या हिवाळ्यात अर्ज भरणाऱ्या मुलामुलींना एक सुचवतो. आई-बाबांसोबत एक संध्याकाळ बसा आणि कागदावर दोन स्तंभ करा. एका स्तंभात तुम्हाला काय शिकायचे आहे आणि का, हे तुम्ही लिहा. दुसऱ्यात घराला किती झेपेल, हे आई-बाबांनी खरेखरे लिहावे. हा दुसरा आकडा आपल्या घरांत मुलांना सहसा सांगितला जात नाही, आणि निवड बिघडते ती बहुतेक वेळा तिथेच. दोन्ही स्तंभ भरले की मग पगाराचा तक्ता उघडा.