साउथबँकचे तळघर : गरज कोणी ठरवायची?

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण तीरावर १९६७ साली क्वीन एलिझाबेथ हॉल हे संगीतसभागृह उभे राहिले. त्याच्या पोटाशी खांब, उतार आणि काँक्रीटचा मोकळा अवकाश उरला. तो कोणत्याही खेळासाठी आखलेला नव्हता. १९७३च्या सुमारास स्केटबोर्डवाली मुले तेथे येऊ लागली. पुढे बीएमएक्स सायकलस्वार आणि भित्तिचित्रकारही आले.

२०१३मध्ये साउथबँक सेंटरने सुमारे १२ कोटी पौंडांची विस्तारयोजना मांडली. तळघरात दुकाने व उपाहारगृहे येणार होती. मुलांना वाऱ्यावर सोडले होते असेही नाही. जवळच हंगरफर्ड पुलाखाली नवी जागा देऊ केली होती. कागदोपत्री गरज भागत होती.

मुलांना ते मान्य नव्हते. मुद्दाम बांधलेली जागा आणि पिढ्यांनी खेळून घडवलेली जागा एक नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद. नियोजनकारांच्या कोष्टकात चौरस मीटर मावतात. चाळीस वर्षांचा राबता कोणत्या रकान्यात लिहायचा?

तळघरासमोरच टेबल मांडून त्यांनी पाठिंबा गोळा केला. दीड लाखांहून अधिक लोक जोडले गेले, नियोजन खात्याकडे हजारो हरकती पोहोचल्या. जानेवारी २०१४मध्ये महापौर बोरिस जॉन्सन यांनीही, जागा हलवू नये, असे मत दिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेखी करार होऊन तळघर स्केटिंगसाठी कायम राहिले. पूर्वी बंद केलेला त्याचा एक भाग दोन्ही पक्षांनी मिळून निधी उभारून २०१९मध्ये पुन्हा खुला केला.