रिमोटची रिपेरी

जपानात १९८३ साली निन्टेन्डोचा फॅमिली कॉम्प्युटर आला. नव्वदच्या दशकात त्याच्या स्वस्त नकला आपल्याकडे घरोघरी पोचल्या. मशीन म्हणजे ‘व्हिडिओ गेम’, कार्ट्रिज म्हणजे ‘कॅसेट’ आणि कंट्रोलर म्हणजे चक्क ‘रिमोट’!

दिवाळीच्या सुट्टीत मारिओ उडी मारेनासा झाला की अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातही रिमोट निघे तो रेडिओ-टीव्हीवाल्याकडे. रोग साधा होता. बटणाखालच्या रबरी पडद्यावरचे कार्बनचे काळे ठिपके झिजलेले असत. ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे, पेन्सिलीचे शिसे घासायचे, नाहीतर चॉकलेटची चांदी चिकटवायची. ही तिसरी युक्ती टीव्हीच्या रिमोटलाही चालायची. सुटे भाग हवेत तर पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

पुढे कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायची कांडी (अ‍ॅनालॉग स्टिक) आली आणि काम किचकट झाले. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ मध्ये कांडीचे बूड प्लॅस्टिकच्या वाटीत घासत राही. उघडल्यावर आत पांढरी भुकटी निघे, आणि कांडी मोडक्या दातासारखी हलत असे. प्लेस्टेशनच्या १९९७ च्या ड्युअलशॉकमध्ये रेडिओच्या आवाजाच्या बटणातला असतो तसाच पोटेन्शिओमीटर होता. कार्बनची पट्टी झिजली की हात न लावताही खेळाडू एका बाजूला सरकायचा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला हा आजार नवा नव्हता.

खरे तर सेगाने १९९६ च्या सॅटर्न कंट्रोलरमध्येच चुंबकाचे सेन्सर वापरले होते. तिथे पट्टी घासण्याचा प्रश्नच नव्हता.

माळ्यावर जुना रिमोट सापडलाच, तर त्यात खोबरेल तेल तेवढे घालू नका, धूळ धरते.