सिबीचा मेळा: आधी बैल, मग दरबार

बलुचिस्तानातल्या सिबीला दर फेब्रुवारीत गुरांचा मोठा मेळा भरतो. त्याचे मूळ विचारले, की १८८०च्या दशकातल्या इंग्रजी दरबाराकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. दरबाराला कागदपत्रे असतात, बाजाराला नसतात, एवढाच काय तो फरक.

मेळ्याचे मूळ हवापाण्यात शोधावे. क्वेट्टा-कलातचे पठार दीड हजार मीटरहून उंच, हिवाळ्यात तिथे बर्फ पडते. ब्राहुई आणि बलुच पशुपालक थंडीच्या तोंडावर मेंढरे-उंट घेऊन बोलन घाटाने खाली कच्छीच्या मैदानात उतरत. (हे कच्छी म्हणजे गुजरातचे कच्छ नव्हे.) सिबी या घाटाच्या पायथ्याशी. उन्हाळ्यात इथे पारा पन्नाशीला भिडतो. सिबी आणि धाडर घडवल्यावर देवाला वेगळा नरक कशाला लागला, असे तिकडे विचारतात. म्हणून सौदे उरकायचे ते फेब्रुवारीतच. डोंगरची माणसे अजून खाली असतात, पण परतायचे वेध लागलेले असतात.

मैदानाचा माल म्हणजे भागनारी बैल. भाग हे गाव, नारी ही नदी. पांढरा-करडा, उंचापुरा, मानेवर नि वशिंडावर काळी झाक. खिल्लार पाहिलेला माणूसही त्याच्यापुढे थबकेल.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस सिबी बलुच सरदार मीर चाकर रिंदची होती. रिंद आणि लाशारी या बलुच टोळ्यांच्या वैरात पिढी खपली आणि चाकर पंजाबात गेला. त्याची कबर तिथे सतघऱ्याला आहे, सिबीत उरला तो किल्ला.

१८७९च्या गंदमक तहाने सिबी इंग्रजांच्या ताब्यात आली आणि जानेवारी १८८०मध्ये, अफगाण युद्धाच्या घाईत, आगगाडी येऊन ठेपली. बलुचिस्तानातला इंग्रज अधिकारी रॉबर्ट सँडेमन याची रीत सरळ होती: सरदारांना तनखे द्यायचे आणि त्यांचे तंटे त्यांच्याच जिरग्यात, म्हणजे पंचायतीत, मिटवायचे. सगळे सरदार एकत्र गाठायचे, तर ते हिवाळ्यात खाली असतानाच. खिलती वाटायला आणि मुजरे घ्यायला सरकार सिबीत येऊन बसले ते म्हणूनच.

पाकिस्ताननेही हा दरबार लगेच मोडला नाही. १४ फेब्रुवारी १९४८ रोजी जिना इथल्या दरबारात सरदारांपुढे बोलले. कलात संस्थान तेव्हा पाकिस्तानात सामील व्हायचे होते, ते मार्चअखेरीस झाले. आता मेळ्याचे उद्घाटन मंत्री-राज्यपाल करतात. बैलवाल्यांची मात्र गिऱ्हाइकाशी घासाघीस चालूच असते.