निखाऱ्यावरची निळी ज्योत : बंबापासून गॅस गिझरपर्यंत एका अदृश्य विषाचा इतिहास

१/
मे महिन्यात चाळिशी सहज ओलांडणारे परभणी हिवाळ्यात राज्यातील अतिथंड ठिकाणांत गणले जाते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस येथील पारा ३ अंशांच्या आसपास उतरला होता. अशा पहाटे आंघोळीचे पाणी तापवायचे कसे, हा येथील घराघराचा जुना प्रश्न. आजचा धागा त्या प्रश्नाच्या उत्तरांचा आणि त्यांत दडलेल्या एका विषाचा इतिहास सांगतो.

२/
विद्यार्थ्यांसाठी हा प्रश्न अधिकच बिकट. १९५६ साली, हैदराबाद राज्याच्या अखेरच्या वर्षात, परभणीत कृषी महाविद्यालय निघाले. १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेच आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. जिंतूर, पाथरी, गंगाखेड, पालमकडची मुले शिकायला शहरात येऊ लागली. ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही, ती भाड्याची खोली शोधतात : एका खोलीत तिघेचौघे आणि चार पावलांचे न्हाणीघर.

३/
जुन्या घरांत या प्रश्नाचे उत्तर होते तांब्याचा बंब. मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी, तळाशी जाळी. नळीत लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या नाहीतर कोळसे टाकायचे. बंब बहुधा अंगणात, पडवीत किंवा न्हाणीच्या दाराशी असे. धुराने डोळे चुरचुरत, पण तो मोकळ्या हवेत निघून जाई.

४/
म्हणून जुने ते सारे निर्धोक होते, असे मात्र समजू नये. बाळंतिणीची खोली आठवा. वारा लागू नये म्हणून दारेखिडक्या बंद, बाजेखाली शेकाची शेगडी, वर ओव्याची धुरी. थंडीच्या रात्री धगधगते निखारे खोलीत आणून दार लावून झोपण्याची रीतही अनेक ठिकाणी होती. धूर नाही, म्हणजे धोका नाही, असा समज त्यामागे होता. खरा घात याच समजुतीत आहे.

५/
निखाऱ्यांवर नाचणारी निळसर ज्योत आपण सर्वांनी पाहिली आहे. ती कशाची? शेगडीच्या तळाशी कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वरच्या लालबुंद कोळशातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. वर पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली, तर हा वायू निळ्या ज्योतीने जळून जातो. ज्योत मावळली आणि निखारे धुमसत राहिले, तर तो न जळताच खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. वजनाने तो हवेहून किंचित हलका असल्याने सर्वत्र सहज मिसळतो.

६/
या वायूची रासायनिक ओळख १८०० साली विल्यम क्रुइकशँक या रसायनज्ञाने पटवली. तो मारतो कसा, याचा उलगडा करण्यात फ्रान्सचा क्लॉद बर्नार अग्रणी होता. या वायूने मेलेल्या प्राण्यांचे रक्त सर्वत्र लालभडक राहते, हे त्याने पाहिले आणि १८५७ साली आपली मीमांसा प्रसिद्ध केली. रक्तातील ज्या जागी प्राणवायू बसायचा, ती जागा हा वायू बळकावतो. त्याची पकड प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट असते.

७/
पुढचे नाव जॉन स्कॉट हॉल्डेन यांचे. १८९५ च्या सुमारास त्यांनी हा वायू स्वतः हुंगून शरीरावरचे परिणाम टिपले. जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउन खाणीत स्फोट झाला. बळी पडलेल्यांपैकी बहुतेकांना स्फोटाने नव्हे, तर स्फोटानंतरच्या कार्बन मोनॉक्साइडने मारले, हे हॉल्डेन यांनी दाखवून दिले. पुढे खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत रूढ झाली. माणसाआधी पक्षी कोसळे आणि इशारा मिळे. हॉल्डेन यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली भारतात आले आणि भारतीय नागरिक झाले.

८/
खाणीत कॅनरी होती, घरात कोणी नव्हते. सप्टेंबर १९०२ मध्ये थोर फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला पॅरिसच्या आपल्या घरी झोपले. शेकोटीचे धुराडे तुंबलेले, खिडक्या बंद. रात्री पतिपत्नीला अस्वस्थ वाटले. अपचन असावे असे समजून त्यांनी नोकरांना उठवले नाही. सकाळी झोला मृत आढळले, पत्नी वाचल्या. जगभर वाचला जाणारा हा लेखक धोका अपचनावर ढकलून मोकळा झाला. ही चूक आजही तशीच होते.

९/
आपल्याकडे पाहू. ऑक्टोबर १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम लागले. तो वायू दगडी कोळशापासून काढत आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड मुळातच असे. पण त्याला उग्र दर्प होता. गळती झाली की नाक सांगे. आजच्या सिलिंडरमधील गॅसमध्ये हे विष मुळात नसते. तो वासहीन असल्याने त्यात इथाइल मर्कॅप्टन हे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात.

१०/
येथेच आपली फसगत होते. ‘गॅसचा वास येत नाही, म्हणजे सारे ठीक’ हा नियम गळतीपुरता खरा. गॅस जळतो तेव्हा ते दुर्गंधी द्रव्यही जळून जाते. बंद जागेत हवा अपुरी पडून गॅस अर्धवट जळू लागला, तर तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला कसलाच वास नसतो.

११/
भारनियमनाच्या काळात विजेवर विसंबता येत नसे, तेव्हा गॅस गिझर मध्यमवर्गीय घरांत आणि भाड्याच्या खोल्यांत शिरला. जो अग्नी बंबाच्या रूपाने अंगणात होता, तो आता बंद न्हाणीघरात, डोक्याच्या उंचीवर आला. थंडी म्हणून झडप बंद, दाराला कडी, आंघोळ लांबलेली. मुंबई, पुणे, नाशिक येथून अशा मृत्यूंच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या आहेत.

१२/
लक्षणे साधी असतात : डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पाय गळणे. विद्यार्थी म्हणतो, पित्त झाले, जागरण झाले, परीक्षेचा ताण आहे. एकाच खोलीतील दोघातिघांचे डोके एकाच वेळी दुखले आणि बाहेर येताच बरे वाटले, तर पित्ताला दोष देऊ नका. करोनाकाळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नका. साध्या ऑक्सिमीटरला हे लाल रक्त आणि प्राणवायूने भरलेले रक्त यांतला फरक कळत नाही. आकडा चांगला दिसतो आणि माणूस बुडत असतो.

१३/
मग करावे काय?
• गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत फक्त गरम पाण्याची नळी यावी.
• तसे होईपर्यंत आधी बादली भरावी, गिझर बंद करावा, मग दार लावावे.
• ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर वापर थांबवून दुरुस्ती करावी.
• निखाऱ्यांची शेगडी झोपण्याच्या खोलीत नको. जनरेटर बंद जागेत नको.
• कोणी आत निपचित असेल, तर दारेखिडक्या उघडून, गॅस बंद करून त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, १०८ वर फोन करावा आणि डॉक्टरांना गॅसचा संशय स्पष्ट सांगावा. साध्या हवेत हे विष निम्मे उतरायला चारपाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर साधारण दीड तास.

१४/
भाड्याची खोली पाहताना आपण भाडे, पाणी आणि कॉलेजचे अंतर विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारा : गिझर कुठे आहे आणि त्याचा धूर कुठे जातो? आपल्या आजीला बंब कुठे ठेवायचा हे कोणी रसायनशास्त्रातून शिकवले नव्हते. डोळ्यांत जाणारा धूरच तिला ते सांगत असे. आपल्या ज्योतीला धूर नाही. म्हणून तिने सांगायचे ते आता आपणच एकमेकांना सांगायचे आहे. गावाहून शिकायला गेलेला भाऊ, बहीण, मित्र असेल, तर थंडी वाढण्याआधी हा धागा त्याच्यापर्यंत पोहोचवा.