लाकडी घर बांधायचंय की जुनं जपायचंय? पाय कोरडे आणि डोकं हलकं ठेवा

रहिमतपूर : मोबाईलवर परदेशातली ओंडक्यांची घरं बघून बरेच जण विचारतात, की असं घर आपल्या रानात बांधता येईल का? दुसरीकडं गावठाणातली जुनी लाकडी घरं एकेक करून उतरवली जातायत आणि त्यांचं सागवान ढिगावर विकलं जातंय. नवं बांधणाऱ्याला आणि जुनं पाडणाऱ्याला दोघांनाही एक गोष्ट माहीत पाहिजे. लाकडी घर वयानं पडत नाही. ते पडतं खालच्या ओलीनं आणि वरच्या वजनानं. या दोन गोष्टी सांभाळल्या तर घर पिढ्यानपिढ्या उभं राहतं. नाही सांभाळल्या तर ते अंगावर येतं. म्हणून नियोजन, बांधणी आणि देखभाल याची माहिती इथं एकत्र देत आहोत.

ओंडक्यांचं घर वेगळं, खणाचं घर वेगळं

नॉर्वे, फिनलंड, अमेरिका इकडं पाइन, स्प्रूससारखी सरळसोट झाडं मुबलक आहेत. तिथं ओंडके आडवे एकावर एक रचून त्याचीच भिंत करतात. ओलं लाकूड वाळताना आकसतं, त्यामुळं अशी ८ फूट उंच भिंत काही वर्षांत ४ ते ६ इंचसुद्धा खाली बसू शकते. म्हणून ते लोक दारं-खिडक्यांच्या वर मुद्दाम फट सोडतात. आपल्याकडं असं लाकूड नाही, वाळवी मात्र भरपूर आहे. नुसत्या ओंडक्यांची भिंत इथं महाग पडते आणि लवकर पोखरली जाते.

आपलं लाकडी घर म्हणजे खणाचं घर. दगडी जोतं, त्यावर तळखडा, तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट. वजन लाकडाच्या सांगाड्यानं पेलायचं आणि भिंतीनं आडोसा द्यायचा, असा त्याचा हिशोब. वर काय घालायचं ते पावसानं ठरवलं. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडं धो-धो पाऊस, म्हणून तिकडं उतरतं कौलारू छप्पर. खटाव, माणकडं पाऊस कमी, म्हणून तिकडं मातीचं सपाट माळवद. रहिमतपूर परिसर या दोन्हींच्या मधे येतो, त्यामुळं इथं दोन्ही प्रकारची घरं बघायला मिळतात.

नीट जपलं तर असं बांधकाम किती टिकतं याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा अठराव्या शतकातला वाडा आजही उभा आहे.

माळवदाचं वजन किती? हिशोब करा

१० फूट बाय १० फूट माळवदावर १ फूट माती असेल तर कोरडी असतानाच तिचं वजन साधारण साडेचार टन भरतं. पावसात भिजली की ते ५ टनाच्या वर जातं. म्हणजे भरलेल्या ट्रॉलीएवढं वजन डोक्यावर घेऊन आपण झोपतो. त्यात दर उन्हाळ्यात गळतंय म्हणून आणखी एक थर पांढरी माती टाकायची रीत. जुनी काढत नाही, नवी मात्र पडत राहते. आजोबांच्या वेळची वीतभर माती नातवाच्या वेळी दीड-दोन फूट झालेली असते. तुळई मात्र तीच, आणि तीसुद्धा म्हातारी झालेली.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तो आपला जिल्हा विसरलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तिथं जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद यांनी झोपेतल्या हजारो माणसांचा जीव घेतला. तिथंच असंही दिसलं, की लाकडाचा सांगाडा मजबूत आणि एकमेकांत नीट जोडलेला होता अशा काही घरांत भिंती ढासळल्या तरी छप्पर वर टिकून राहिलं. लाकूड वाकतं, हलतं, पण पटकन तुटत नाही. भूकंपात लाकडाचा हा गुण कामी येतो. मात्र सांगाड्याचे सांधे पक्के असले आणि वरचं वजन कमी असलं तरच.

नवं घर बांधताना

१) परवानगी आधी. गावात असाल तर ग्रामपंचायत, रहिमतपूर शहरात असाल तर नगरपरिषद. रानात बांधणार असाल तर तलाठी आणि तहसील कार्यालयात आधी चौकशी करा.

२) झाड आपलं असलं तरी परस्पर तोडू नका. महाराष्ट्रात वृक्षतोडीबाबत १९६४ चा कायदा आहे. साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ ही झाडं त्याच्या यादीत येतात. बांधावरचा साग तोडायलाही परवानगी लागते, आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागतो. सातबाऱ्यावर झाडांची नोंद असेल तर काम सोपं होतं. नगरपरिषद हद्दीत झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा लागू आहे.

३) लाकूड वाळलेलं घ्या. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल राहिली की बुरशी धरायचा धोका सुरू होतो. घरात वापरायचं लाकूड १२ ते १५ टक्क्यांपर्यंत वाळलेलं असावं. ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, सुताराकडं नसेल तर मागवून घ्या. जाड खांब-तुळया सावलीत, खाली टेकण देऊन, मधे पट्ट्या घालून रचा. त्या वाळायला वर्षभर किंवा जास्तही लागतं. उन्हात टाकल्या तर चिरतात.

४) कुठलं लाकूड कुठं? खांब-तुळईला साग उत्तम, पण सागाचाही गाभाच टिकतो. बाहेरचा पांढरट भाग वाळवी आणि भुंगे खातात. म्हणून कोवळ्या सागाचे पांढरे खांब घेऊ नका. आतल्या कामाला जुनी बाभूळ, कडुलिंब चालतात. आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं, पण वजन पेलायच्या जागी ते नको.

५) जोतं बाहेरच्या जमिनीपासून किमान दोन फूट उंच घ्या. ओढा-नदीकाठी असाल तर २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं ते शेजारीपाजारी विचारूनच उंची धरा.

६) खांब जमिनीत गाडू नका, काँक्रीटमधेही पुरू नका. खांबाचं टोक स्ट्रॉसारखं पाणी वर ओढतं. दगडी तळखड्यावर किंवा लोखंडी बूट बसवून त्यावर खांब उभा करा. खाली पाणी साचायला जागा ठेवू नका.

७) खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे आधार द्या. नुसत्या खिळ्यांवर भागवू नका, लोखंडी पट्टी आणि नटबोल्ट वापरा. चौकट चौकोनी असली की हलते, तिरपा आधार मिळाला की घट्ट बसते.

८) छप्पर हलकं आणि उतरतं करा. कौलं किंवा पत्रा. वळचण किमान दोन फूट बाहेर काढा, म्हणजे पाणी भिंतीवर आणि खांबाच्या पायावर येणार नाही. पत्रा असेल तर हुकबोल्टनं बांधा, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात तो शेजारच्या रानात सापडतो.

जुन्या घराची तपासणी : एक स्क्रूड्रायव्हर, एक दोरी, एक बॅटरी

• खांबाचा तळ, भिंतीत गेलेली तुळईची टोकं आणि न्हाणीघराला लागून असलेली लाकडं आधी बघा. कूज बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

• स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम शिरतं. अर्धा इंच सहज आत गेलं तर आत भुसा झालाय असं समजा.

• हातोडीनं हलकं ठोका. खणखणीत आवाज आला तर लाकूड भरीव. बद्द आवाज आला तर पोकळ.

• तुळईच्या खालनं या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणा. १० फुटांच्या तुळईला अर्ध्या इंचाहून जास्त झोल दिसला, किंवा झोल वर्षागणिक वाढत असेल, तर अभियंत्याला दाखवा.

• भिंतीला पोट आलंय का, दार अचानक घासायला लागलंय का, कडीपाटातनं माती झरतेय का, हे बघा. पावसाळ्यात असं काही दिसलं तर त्या खोलीत झोपू नका. आधी माणसं आणि जनावरं बाहेर काढा.

दुरुस्ती करताना

माळवदाची जादा माती उतरवताना एका बाजूनं खोदत जाऊ नका. दोन्ही बाजूंनी सारखी, थराथरानं काढा. खाली टेकू दिल्याशिवाय वर चढू नका. शक्य असेल तर माती पूर्ण काढून वर उतरता पत्रा किंवा कौलं घाला. खालचा कडीपाट तसाच ठेवता येतो.

खांब फक्त खालनं कुजला असेल तर अख्खा खांब बदलायची गरज नसते. जॅक आणि टेकूवर तुळई पेलून धरायची, कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापायचा आणि तेवढाच नवा तुकडा सांधा करून, बोल्ट मारून बसवायचा. हे काम जाणत्या सुताराचंच आहे, घरच्या घरी करू नका.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायची चूक सर्रास होते. बाहेरून भिंत चकाचक दिसते, पण आतली ओल कोंडते आणि भिंतीत पुरलेलं लाकूड कुजतं. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा बरा.

लाकडाला ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फासायची पद्धत आहे. राहत्या घरात ते नको. वास राहतो, अंगाला बाधतं आणि आग लवकर धरतं. त्यापेक्षा लाकूड घासून, कोरडं करून जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा, मगच टाका.

वाळवी आणि भुंगे

वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करत वर चढते. नळी दिसली की नुसती पुसून उपयोग नाही, तिचा रस्ता जमिनीतच बंद करावा लागतो. त्यासाठी भिंत आणि फरशीच्या सांध्याला फूटफूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडतात. क्लोरपायरीफॉस २० टक्के ई.सी. वापरलं तर एक लिटर पाण्याला ५० मिली हे नेहमीचं प्रमाण आहे. हे विष आहे. विहीर, बोअर, पाण्याची टाकी जवळ असेल तर वापरू नका. लेबल वाचा आणि परवानाधारक माणसाकडून करून घ्या. लाकडाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती वाळवी नव्हे, भुंग्याची अळी आहे. तिला लाकडावरच औषध लावावं लागतं.

भिंतीला टेकून सरपण, कडबा, शेणी रचू नका. वाळवीला घरात यायला तो आयता जिना होतो.

आगीची काळजी

पुण्याच्या शनिवारवाड्याचं लाकडी काम १८२८ च्या आगीत गेलं. राहिलं ते दगडी जोतं, तट आणि दरवाजे. आपल्या घरात आज मोठी भीती जुन्या वायरिंगची आहे. लाकडी पट्टीवरच्या चाळीस वर्षं जुन्या वायरवर फ्रीज, गिझर, मोटरचा स्टार्टर चालत असतो. वायरिंग पाइपमधून नवीन करा, एमसीबी आणि ईएलसीबी बसवा. चुलीच्या वरची लाकडं पत्र्यानं झाका. माळ्यावर कडबा ठेवू नका.

विकायचंच असेल तर मोजून विका

घर उतरवायची वेळ आलीच तर उक्ता सौदा करू नका. लाकूड घनफुटात मोजा. ६ इंच बाय ६ इंच जाडीचा ९ फूट उंच खांब म्हणजे सव्वादोन घनफूट. सूत्र सोपं आहे. रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात, भागिले १४४, गुणिले लांबी फुटात. सगळ्या खांब-तुळयांची यादी करा, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, वाहतुकीच्या परवान्याची वनखात्याकडं चौकशी करा आणि पावती घ्या. चांगले खांब निवडून नव्या घराच्या सोप्याला वापरता आले तर आणखी उत्तम. इतकं वाळलेलं जुनं सागवान आज नव्यानं मिळणं अवघड आहे.

वर्षभराचं वेळापत्रक

• पाडव्यानंतर : खांबांचे तळ आणि तुळईची टोकं तपासा. माती उतरवणं, सांधे, वाळवीचं काम उन्हाळ्यातच उरका.
• रोहिणी निघायच्या आत : कौलं चाळा, पन्हाळी साफ करा, जोत्याभोवतीची माती बाहेर उतार देऊन ठेवा.
• पावसाळ्यात : दर आठवड्याला बॅटरी घेऊन कडीपाट बघा. ओलीचा डाग दिसला तर खडूनं कडा आखून तारीख टाका, म्हणजे तो वाढतोय का ते कळेल.
• दसऱ्याच्या सुमारास : दारं-खिडक्या उघडून घर वाळू द्या. पुराचं पाणी आत आलं असेल तर लाकूड वाऱ्यावर हळूहळू वाळवा, शेगडी लावून घाई करू नका.
• दिवाळीला : लाकूड घासून तेलाचा हात, बोल्ट आवळणे, वायरिंगची पाहणी.

ही सगळी पाहणी मिळून वर्षाला चार-पाच दिवसांचं काम आहे. घरात म्हातारी माणसं माळवदाखालीच झोपत असतील, तर येत्या पावसाआधी दुसरं काही जमलं नाही तरी दोन कामं कराच. वरची जादा माती उतरवा आणि त्यांच्या खोलीतल्या प्रत्येक खांबाचा तळ टोचून बघा.