आभासी जगातील कलास्वामित्वाचा प्रश्न

खेळाच्या जगात खेळाडूने घडविलेली वस्तू कोणाच्या मालकीची, ह्या प्रश्नास आरंभीच्या संगणकीय खेळांच्या चालकांचे उत्तर बहुधा एकच असे: चालकाच्या. सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडन लॅब ह्या संस्थेने जून २००३ मध्ये ‘सेकंड लाइफ’ सर्वांस खुले केले व त्याच वर्षी नोव्हेंबरात ही परंपरा मोडली. रहिवाशांच्या निर्मितीवरील बौद्धिक स्वामित्व त्यांचेच राहील, असे संस्थेने जाहीर केले. वस्तूची नक्कल, फेरफार व हस्तांतर ह्यांची परवानगी निर्माता स्वतंत्रपणे देऊ वा नाकारू शके; विनिमय लिंडन डॉलरांत होई. शिल्पे, वस्त्रे व वास्तू ह्यांचा बाजार ह्याच व्यवस्थेवर उभा राहिला.

परंतु नोव्हेंबर २००६ मध्ये ‘कॉपीबॉट’ ह्या साधनाने परवानगीवाचून प्रतिकृती काढता येऊ लागली. अनेक विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध नोंदविला. चालकांनी तसा वापर नियमभंग ठरविला. पुढे ऑगस्ट २०१३ मधील अटींनी स्वतः चालकांसच रहिवाशांच्या निर्मितीच्या वापराचे अतिव्यापक अधिकार दिले. विरोधानंतर २०१४ मध्ये ते संकोचित करण्यात आले. तात्पर्य, २००३ च्या घोषणेस सनदेचे स्थैर्य कधीच लाभले नाही. ती कराराची एक अट होती, आणि अटी बदलण्याचा अधिकार चालकांनी स्वतःकडेच ठेवला होता.