वीज ग्रीडचे अरेषीय नियंत्रण

वीज ग्रीडचे अरेषीय नियंत्रण ही नियंत्रण अभियांत्रिकीची एक शाखा आहे. मोठ्या बिघाडानंतरही ग्रीडला जोडलेली जनित्रे एकाच तालात फिरत ठेवणे, हा तिचा उद्देश होय. भारतीय ग्रीडची प्रमाण वारंवारता ५० हर्ट्झ आहे. कोयनेचे जलविद्युत केंद्र, बारामती व इंदापूर परिसरातील साखर कारखान्यांचे सहवीज प्रकल्प आणि त्या विजेवर चालणारी बारामती एमआयडीसीतील यंत्रे या सर्वांना हा एकच ताल बांधून ठेवतो.

अरेषीयतेचे स्वरूप

स्प्रिंग जितकी ताणावी, तितकी तिची ओढ वाढते. हा रेषीय संबंध होय. दोन वीजकेंद्रांमधील ओढ मात्र त्यांच्या जनित्रांमधील कोनाच्या साइनवर अवलंबून असते. कोन ९० अंशांपर्यंत वाढताना वाहून नेता येणारी शक्ती वाढते. त्यापुढे कोन वाढला की ती उलट घटते.

पारेषण वाहिनीवर शॉर्टसर्किट झाल्यास जनित्राची वीज बाहेर जाऊ शकत नाही. टर्बाइन मात्र त्यास फिरवीतच राहते. परिणामी जनित्राचा वेग व कोन वाढतो. सदोष वाहिनी सेकंदाच्या अल्पांशात तोडली गेली, तर जनित्र सावरते. त्यास विलंब झाल्यास कोन वाढतच जातो आणि जनित्र समकालिकता गमावते. तोडणीसाठी मिळणाऱ्या या कमाल अवधीस क्रांतिक निवारण काळ म्हणतात.

प्रचलित स्थिरक (पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर) एका ठरावीक कार्यस्थितीजवळ ग्रीड रेषीय आहे असे मानून रचलेले असतात. लहान आंदोलने शमविण्यास ते पुरेसे ठरतात. मोठ्या बिघाडात मात्र हे गृहीतकच टिकत नाही.

प्रमुख पद्धती

लिआपुनोव पद्धत : रशियन गणितज्ञ अलेक्सांद्र लिआपुनोव यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तावर ही पद्धत आधारलेली आहे. वाडग्यातील गोटी काठ ओलांडण्याइतकी ऊर्जा मिळाली तरच बाहेर पडते. त्याचप्रमाणे बिघाडानंतरची ऊर्जा क्रांतिक मर्यादेखाली आहे का, हे येथे तपासले जाते आणि ती घटत राहील असे नियंत्रण योजले जाते.

प्रतिपुष्टी रेषीयीकरण : नियंत्रक अरेषीय भागाचे गणन करून तो खोडून काढतो. त्यासाठी ग्रीडची अचूक माहिती आवश्यक असते.

सर्पी प्रणाली नियंत्रण (स्लायडिंग मोड) : प्रणालीस एका निवडलेल्या पृष्ठभागावर आणून तेथेच ठेवले जाते. माहितीतील चुका ही पद्धत बऱ्याच अंशी सहन करते. परंतु सततच्या जलद बदलांमुळे कंप निर्माण होण्याचा दोष तिच्यात आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत बिजनन बंद्योपाध्याय यांनी या नियंत्रणावर विस्तृत संशोधन केले आहे.

जनित्राचे उत्तेजन, स्टॅटकॉम आणि उच्चदाब एकदिश पारेषण ही या पद्धतींची मुख्य साधने होत.

भारत व महाराष्ट्र

३० व ३१ जुलै २०१२ रोजी बिना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्ट वाहिनी तुटल्यानंतर वीज लांबच्या मार्गाने वाहू लागली, कोन वाढले आणि विभाग एकमेकांपासून तुटले. पहिल्या दिवशी उत्तर ग्रीड, तर दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही ग्रीड कोसळली. महाराष्ट्राचा समावेश असलेले पश्चिम ग्रीड मात्र तगले.

पश्चिम व दक्षिण ग्रीड पूर्वी चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथील १,००० मेगावॉटच्या एकदिश दुव्याने जोडलेले होते. अशा दुव्यामुळे दोन्ही बाजूंची वारंवारता स्वतंत्र राहते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी इंदापूर तालुक्यास लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातून रायचूरपर्यंतची ७६५ किलोव्होल्ट वाहिनी सुरू झाली आणि देशाचे ग्रीड समकालिक झाले. त्यामुळे विभागांना परस्परांची मदत मिळू लागली. त्याचबरोबर एका विभागातील आंदोलने दुसऱ्यात पोहोचण्याची शक्यताही निर्माण झाली.

चंद्रपूर–पडघे ही १,५०० मेगावॉट क्षमतेची एकदिश वाहिनी राज्याच्या दोन टोकांना जोडते. अशा वाहिनीतील वीजप्रवाह अत्यंत वेगाने बदलता येत असल्याने आंदोलने शमविण्यासाठी तिचा उपयोग करता येतो.

मर्यादा

उत्तेजनाची व्होल्टता अमर्याद वाढविता येत नाही, दूरच्या केंद्रांची मापने विलंबाने पोहोचतात आणि ग्रीडची रचना सतत बदलते. त्यामुळे प्रत्यक्षात आजही रेषीय स्थिरकांचाच वापर अधिक होतो. त्यांच्या जोडीला वारंवारता घसरल्यास आपोआप भार कमी करणारे रिले असतात. सौर प्रकल्प इन्व्हर्टरद्वारे जोडले जात असल्याने फिरत्या जनित्रांसारखे जडत्व ते पुरवीत नाहीत. त्यांचे प्रमाण वाढेल तसा सावरण्यास मिळणारा अवधी कमी होतो. त्यामुळे अरेषीय पद्धतींचे महत्त्व वाढत आहे.

हे सुद्धा पाहा

कोयना जलविद्युत प्रकल्प
महापारेषण
नियंत्रण सिद्धान्त